खडपावरच्या स्पंजची नोंद कोण ठेवणार? महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सदस्य सचिव आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर
आणि कोकण किनाऱ्यावरच्या सगळ्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या

सप्रेम नमस्कार,

मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकले, समुद्री जीवांमधून संयुगं वेगळी करायचं काम काही वर्षं केलं आणि आता सिंधुदुर्गात पोरांना केमिस्ट्री शिकवते. मागणी आधीच सांगते म्हणजे पत्र लांबलं तरी मुद्दा हरवायचा नाही. किनाऱ्यावरच्या गावांच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांमध्ये, म्हणजे गावात कुठले जीव आहेत ते लिहायच्या वह्यांमध्ये, समुद्री स्पंज घाला, म्हणजे खडपाला (किनाऱ्यावरच्या खडकाळ भागाला) चिकटून राहणारे ते प्राणी, आणि नुसतं "स्पंज आढळतात" असं एक वाक्य लिहून नाही, तर प्रत्येकाचा फोटो, नेमकी जागा, आणि नीट जपून ठेवलेला छोटासा तुकडा, असं सगळं घाला. आणि हे तुकडे ठेवायला राज्याने एक कायमची जागा ठरवावी.

मी आमच्या भागातल्या ज्या नोंदवह्या बघितल्या त्यात हापूस आहे, कोकम आहे, भाताचे वाण आहेत, पक्षी आहेत, मासळीमध्ये सुरमई-बांगडा-पेडवे आहेत, कुठे कुठे कालवं आणि तिसऱ्यापण आहेत, आणि मग वही संपते. खडपाला चिकटून बसलेलं जे काही आहे ते नाहीच. मी कोणाला दोष देत नाहीये, राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली होती, ग्रामपंचायती हजारोंच्या संख्येने, माणसं कमी, त्यात स्पंज बघायला कोण समुद्रात उतरणार होतं. पण आता ती घाई नाही, वह्या अपडेट करायच्याच आहेत, मग या वेळी तरी करूया ना.

अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला पाणी लांब गेलं की आमच्याकडच्या खडपात दगड उलटून बघा. केशरी पातळ साय पसरल्यासारखे, जांभळट, काळे, पिवळे, काही बोटाएवढे उभे, काहींवर बारीक तोंडं उघडलेली. कालवं काढणाऱ्या बायकांना एक प्रकार चांगला ठाऊक असतो, कालवाच्या शिंपल्यावर बारीक गोल भोकं आणि त्यातून डोकावणारे पिवळे ठिपके, तो शिंपला पोखरून आत राहणारा क्लायोना वंशाचा स्पंज. दुसरा एक त्यांना ठाऊक असतो तो हात लावल्यावर खाजवणारा. "त्येका हात लावू नको गो, खाज येता" हे मला पहिल्यांदा कुठल्या पुस्तकाने नाही, खडपावरच्या एका काकीने सांगितलं, आणि खरं तर रसायनशास्त्राची सुरुवात तिथेच आहे.

कारण हा प्राणी आहे, दहावीच्या पुस्तकातला रंध्रीय प्राणिसंघ तो हाच, आणि त्याला पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही, पळून जाता येत नाही. मासा चावायला आला, शेजारी दुसरं काही वाढून अंगावर आलं, पाण्यातले जंतू आत शिरले, या सगळ्याला त्याच्याकडे उत्तर एकच, रसायन. आणि दिवसभर तो पाणी आत ओढून गाळून बाहेर टाकतो, एक किलो स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळतो, म्हणजे त्या पाण्यात विरून जाणार नाही आणि अगदी थोड्या प्रमाणातही काम करेल असंच रसायन त्याला लागतं. थोड्या प्रमाणात जोरात काम करणारा रेणू, औषधवाल्यांना तरी दुसरं काय हवं असतं?

आता हे नुसतं कौतुक नाही म्हणून एक खरी गोष्ट सांगते. १९४५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या एलियट की बेटाजवळ वर्नर बर्गमन नावाच्या येल विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञाने उथळ पाण्यातला एक स्पंज गोळा केला, आज त्याचं नाव टेक्टिटेथिया क्रिप्टा. बर्गमनना खरं तर स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातली संयुगं, बघायचे होते, पण स्पंज गरम अ‍ॅसिटोनमध्ये उकळल्यावर त्यातून भलतेच स्फटिक बाहेर पडले. रॉबर्ट फीनींबरोबर त्यांनी १९५० आणि ५१ मध्ये हे छापलं, आणि पुढच्या काही वर्षांत पक्कं झालं की हे डीएनएच्या विटांसारखेच रेणू आहेत पण यातली साखर वेगळी आहे, रायबोजच्या जागी अ‍ॅरॅबिनोज. बदल केवढा, तर साखरेवरचा एक ओएच गट खालच्या बाजूऐवजी वरच्या बाजूला. पण पेशी डीएनए बनवताना असली वीट चुकून लावून बसते आणि पुढचं बांधकाम अडतं. ही कल्पना घेऊन १९५९ मध्ये बर्कलीच्या लॅबमध्ये सायटाराबिन बनवलं गेलं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. आज अ‍ॅक्युट मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या पेशंटला "सेव्हन प्लस थ्री" देतात ना, त्यातले सात दिवस म्हणजे हेच औषध, वॉर्डातल्या लोकांना अ‍ॅरा-सी म्हणून माहीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सायटाराबिन त्या स्पंजमध्ये जसंच्या तसं सापडलं नव्हतं हेही सांगायला हवं, पण अशी साखर लावता येते आणि निसर्गात लावलेली असते हे त्या स्पंजने दाखवलं, त्याआधी कोणी त्या दिशेने फारसं बघत नव्हतं.

१९४५ ते १९६९, म्हणजे २४ वर्षं. हा आकडा जरा लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट जपानची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते कारण तिच्यात जागेचा प्रश्न आहे. १९८६ मध्ये हिराता आणि उएमुरा यांच्या टीमने जपानच्या किनाऱ्यावरच्या हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई या स्पंजमधून हॅलिकॉन्ड्रिन बी वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. कॅन्सरच्या पेशींवर जबरदस्त काम करणारा रेणू, पण मिळाला किती, तर ६०० किलो स्पंजमधून १२.५ मिलिग्रॅम. साखरेचे वीसेक दाणे चिमटीत घ्या, तेवढं. यावर औषध कसं बनवणार, माणसांवर चाचणी घ्यायला ग्रॅमने लागतं. मग शोधाशोध करताना कळलं की न्यूझीलंडमध्ये कायकोराच्या समोर खोल पाण्यात लिसोडेंडोरिक्स म्हणून एक पूर्ण वेगळ्या वंशाचा स्पंज आहे आणि त्याच्यात तोच रेणू आहे, तोही जास्त. तिथे एक टन स्पंजमधून साधारण ३०० मिलिग्रॅम मिळालं, हिशोब केला तर किलोमागे जपानच्या चौदा-पंधरा पट. तिथल्या शास्त्रज्ञांनी एक काम मात्र फार शहाणपणाचं केलं, तो स्पंज समुद्रतळावर नेमका कुठे आणि एकूण किती आहे याचा अंदाज घेतला, आणि साठा इतका मर्यादित निघाला की औषधासाठी वर्षानुवर्षं ओरबाडला तर संपेल हे समोरच दिसलं. तिकडे हार्वर्डमध्ये योशितो किशी यांच्या गटाने १९९२ मध्ये अख्खा रेणू लॅबमध्ये जुळवून दाखवला, मग लक्षात आलं की त्याच्या उजव्या अर्ध्या भागावरच काम भागतं, आणि एसाई कंपनीने त्यावरून एरिब्युलिन बनवलं, साठाहून जास्त पायऱ्यांची सिंथेसिस. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी ते मंजूर झालं, आता ते बनवायला एकही स्पंज लागत नाही.

१९८६ ते २०१०, परत २४ वर्षं. म्हणजे आज नमुना गोळा करणारी व्यक्ती निवृत्त व्हायला आलेली असते तेव्हा कुठे त्या नमुन्याची खरी किंमत कळते. तोपर्यंत तो कुठल्या खडपातला, किती खोल पाण्यातला, कुठल्या जातीचा हे सांगणारी वही आणि डबी शिल्लक पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

मला काही लोक विचारतात की आपल्या देशात स्पंजवर काम होतंच आहे की, मग मालवण-रत्नागिरीचं वेगळं काय मांडून बसलात. होतंय, नक्की होतंय. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयओमध्ये, खूप चांगलं काम झालंय, तमिळनाडूत मंडपमच्या समुद्रातल्या स्पंजमधून एनआयओच्याच लोकांनी ब्रोमीन असलेली नवी अल्कलॉइड्स (नायट्रोजनवाली संयुगं) काढलीत, आणि गोव्यातल्या हणजुण्याच्या खडकांवरच्या सिनाचायरेला नावाच्या चेंडूसारख्या स्पंजचं वाढणं, कळ्या येणं याचाही अभ्यास त्यांनी केलाय. पण एका जागेचा स्पंज दुसऱ्या जागेच्या स्पंजऐवजी चालत नाही, आणि याचं कारण गेल्या काही वर्षांतच नीट कळलंय. स्पंजच्या अंगात बॅक्टेरिया भरलेले असतात, काही जातींमध्ये वजनाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त, आणि आपण ज्याला "स्पंजचं रसायन" म्हणतो त्यातलं बरंच काही हे बॅक्टेरिया बनवतात. थिओनेला स्विनहोई हा जपानचा स्पंज घ्या, आतून पिवळा आणि आतून पांढरा असे त्याचे दोन प्रकार, आणि दोघांमधली संयुगं वेगवेगळी. २०१४ मध्ये यॉर्न पील यांच्या गटाने दाखवलं की पिवळ्यातली बहुतेक सगळी खास संयुगं एन्टोथिओनेला नावाचे बॅक्टेरिया बनवतात. पांढऱ्यात त्या बॅक्टेरियांचा दुसरा भाऊबंद निघाला. नाव एक, दिसायला जवळपास तोच, पण आतले भाडेकरू वेगळे आणि म्हणून केमिस्ट्री वेगळी. आमच्याकडे तर चार महिने पावसाचं गढूळ, गोडं पाणी खाड्यांमधून किनाऱ्यावर येतं, ते सोसून जगणाऱ्या स्पंजमध्ये काय आहे हे मंडपमचा नमुना कसा सांगणार?

आता लॅबमध्ये काय होतं तेही सांगते, कारण नोंद नसली की काम नेमकं कुठे फुकट जातं ते त्यातून कळेल. स्पंजचा तुकडा आणला की बारीक चिरून मेथॅनॉलमध्ये बुडवायचा. काही तुकडे पाण्याबाहेर काढल्यावर हातातच रंग बदलतात, पिवळाधमक स्पंज तासाभरात जांभळट-काळा पडलेला असतो, म्हणून फोटो पाण्यात असतानाच काढावा लागतो. मेथॅनॉल उडवलं की खाली जो चिकट गडद लगदा उरतो त्यात मीठच मीठ, समुद्राचं, ते आधी काढायचं. मग इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटॅनॉलमध्ये वाटणी, मग टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या, प्लेटवर ठिपका, यूव्ही दिव्याखाली बघायचं, अ‍ॅनिसाल्डिहाइड मारून गरम करायचं, जांभळे-निळे डाग उठतात ते बहुतेक वेळा स्टेरॉल. सिलिकाचा कॉलम लावून बसायचं, शेकडो टेस्ट ट्यूब, त्यातून एखादी फ्रॅक्शन, म्हणजे वेगळा झालेला भाग, शुद्ध निघाली की एनएमआर आणि मास स्पेक्ट्रम, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या चाचण्या. आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की हे आधीच कोणाला तरी सापडलंय. पण कधीकधी येत नाही. जगभरात समुद्री जीवांमधून दरवर्षी हजाराहून जास्त नवी संयुगं प्रसिद्ध होतात, अनेक वर्षं त्यात स्पंज सगळ्यात पुढे होते, हल्ली समुद्री बुरशी पुढे गेलीये.

मी जिथे काम केलं तिथल्या एका संस्थेच्या डीप फ्रीझरमध्ये एक पाकीट होतं, त्यावर मार्करने "स्पंज ३, मालवण" एवढंच. त्याच्या अर्कातून एक फ्रॅक्शन निघाली ती जंतूंवर छान काम करत होती, प्लेटवर जंतू न वाढलेली गोल मोकळी जागा स्पष्ट दिसायची. माल अगदी थोडा, रचना ठरवायला पुरेना. परत आणायचा तर कुठून आणायचा? मालवण म्हणजे किल्ल्याजवळ का तारकर्लीकडे, खडपातला का जाळ्यात आलेला, कुठल्या महिन्यातला, कुठला स्पंज, काहीच नाही, ज्याने गोळा केला तो मुलगा केव्हाच नोकरीला लागून गेलेला. आम्ही रंगावरून अंदाजाने शोधले, मिळालेल्यांत ते नव्हतं. नंतर फ्रीझर बंद पडला आणि पाकिटं फेकली गेली. कदाचित ते जुनंच संयुग असेल, कदाचित नसेल. हे फक्त एका जागी झालं असेल असं मला अजिबात वाटत नाही, कॉलेजाकॉलेजात एमएस्सीचे प्रोजेक्ट होतात, स्पंज आणले जातात, अर्क काढले जातात, रिपोर्ट बाइंडिंग करून कपाटात जातो आणि नमुना कचऱ्यात.

म्हणून मी जे मागतेय ते फार खर्चाचं नाही. ओळख पटवायला सुरुवातीला महागडी मशीन लागत नाहीत. बहुतेक स्पंजच्या अंगात काचेच्या म्हणजे सिलिकाच्या बारीक सुया असतात, वाटाण्याएवढा तुकडा साध्या ब्लीचमध्ये टाकला की मांस विरघळतं आणि तळाला पांढरा गाळ बसतो, तो धुऊन एक थेंब स्लाइडवर घ्या आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघा. कुठे दोन्ही टोकं टोकदार, कुठे एका बाजूला टाचणीसारखं डोकं, कुठे नांगरासारखे आकडे. या सुयांवरून तज्ज्ञ माणूस निदान वंशापर्यंत पोचतो. बीएस्सीच्या पोरांना हे दाखवलं की मायक्रोस्कोप सोडत नाहीत, मी बघितलंय. मग एक तुकडा डीएनएसाठी चांगल्या अल्कोहोलमध्ये, एक तुकडा केमिस्ट्रीसाठी लगेच बर्फात आणि मग उणे २० ला, आणि चिठ्ठीवर तारीख, भरती-ओहोटीची वेळ, खोली, जीपीएस, जिवंत असतानाचा रंग, वास, हाताला खाज आली का, शेजारी काय वाढत होतं. फोनवर जीपीएस आणि कॅमेरा आता सगळ्यांकडेच असतो.

माणसंही आहेत. कालवं काढणाऱ्या बायका आयुष्यभर त्याच खडपात वाकून काम करतात, कुठला प्रकार कुठे असायचा आणि कुठून गेला हे त्यांच्याइतकं कोणालाच सांगता येणार नाही, नोंदवहीत त्यांची माहिती त्यांच्या नावाने आली पाहिजे आणि त्यांच्या वेळेचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत. मालवण-तारकर्लीची स्कुबा करणारी पोरं रोज पर्यटकांना घेऊन तेच तेच खडक बघतात, पाण्याखालचा फोटो त्यांच्याइतका चांगला कोण काढणार. ट्रॉलरच्या जाळ्यात खोल पाण्यातले स्पंज येतात ते डेकवरून परत समुद्रात फेकले जातात, तांडेलला एक बर्फाची पेटी आणि एक वही दिली तर तोही नमुना होतो.

काही जणांना भीती वाटते की याद्या केल्या की कंपन्या येऊन लुटतील. ही भीती मला खोटी वाटत नाही, म्हणूनच नोंद पाहिजे असं मी म्हणते. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे, परदेशी माणसाला किंवा कंपनीला इथला जीव न्यायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, पेटंटच्या वेळीही प्राधिकरणाची पायरी आहे, फायद्याचा वाटा स्थानिकांना मिळायची तरतूद आहे. पण तो स्पंज आमच्या गावच्या खडपातला हे गाव सिद्ध कशावरून करणार, वहीत एक ओळसुद्धा नसेल तर? आणि तुकडा म्हणजे अंगठ्याएवढा, अख्खा स्पंज उपटायचा नाही, तळ शिल्लक ठेवला तर बरेच स्पंज परत वाढतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, त्याच्या हद्दीत वनखात्याची रीतसर परवानगी घेऊनच हात लावायचा. ही शिस्त मंडळाने लेखी घालून द्यावी, म्हणजे कॉलेजंसुद्धा पाळतील.

आणि यातून उद्या कॅन्सरचं औषध निघेल असं मी कोणालाही सांगत नाही, कृपा करून तसे मथळे कोणी देऊ नयेत. बहुतेक रेणू वाटेतच गळतात. डिस्कोडर्मोलाइड म्हणून एक स्पंजचा रेणू १९९० मध्ये सापडला, नोव्हार्टिसने तो लॅबमध्ये ६० ग्रॅम बनवला, एवढा गुंतागुंतीचा रेणू एवढा बनवणं हीच मोठी गोष्ट होती, आणि पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचणीतच ते थांबवावं लागलं. असं होतं. तरी त्या कामातून रसायनशास्त्र पुढे गेलं, आणि शोधणाऱ्यांकडे मूळ स्पंजची नीट नोंद होती म्हणून निदान सुरुवात तरी झाली.

घाई एवढ्याचसाठी की किनारा थांबलेला नाही. जेटी, धूपप्रतिबंधक बंधारे, रस्ते, खाडीतून येणारा गाळ, तापलेलं पाणी. बंधारा घालताना जी खडपं बुजतात त्यांच्या पर्यावरण अहवालात स्पंजची यादी मी अजून बघितली नाही, आणि जे यादीतच नाही ते गेलं तरी कोणाला कळत नाही. शिवाय विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं पाण्याखालचं पठार, पोवळ्यांचं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तिथे मोहीम गेली होती. तिथले स्पंज, किनाऱ्यावरचे स्पंज आणि लक्षद्वीपचे स्पंज शेजारी शेजारी ठेवून बघायची सोय झाली तर केमिस्टला यापेक्षा जास्त काही नको.

नमुने कुठे ठेवायचे यावर माझं मत असं की मूळ वाउचर, म्हणजे ओळखीचा पुरावा म्हणून जपलेला नमुना, कायद्याने नेमलेल्या संस्थेकडे जावं, गोव्याची एनआयओ त्या यादीत आहे आणि जवळही आहे, आणि त्याची एक जोडी जिल्ह्यातच राहावी, रत्नागिरीत किंवा सिंधुदुर्गात, जिथे इन्व्हर्टर आणि जनरेटरवर चालणारा फ्रीझर असेल आणि तो बघायची जबाबदारी एका पगारी माणसावर असेल. कंत्राटी नको, दर ११ महिन्यांनी माणूस बदलला की चाव्या पण हरवतात आणि वह्या पण.

तर मंडळाकडून मला तीन गोष्टींचं लेखी उत्तर हवंय. नोंदवहीच्या नमुन्यात खडपावरच्या अपृष्ठवंशीय प्राण्यांसाठी, त्यात स्पंजसाठी, वेगळा तक्ता कधी येणार? किनाऱ्यावरच्या कॉलेजांना नमुने जमा करणं बंधनकारक करणारं पत्रक निघू शकतं का? आणि फ्रीझर व पगारी माणूस यासाठी पैसे मंडळाच्या निधीतून मिळतील का राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानकडे मागायचे? समित्यांना माझं सांगणं, उत्तराची वाट न बघता पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या मोठ्या सुकतीला गावातल्या खडपात चार माणसं घेऊन जा, नुसते फोटो आणि जागा लिहून आणा, हात न लावता. स्लाइड कशी करायची ते शिकवायला मी माझ्या खर्चाने येईन, मायक्रोस्कोपही आणेन. ब्लीचची बाटली आणि सावलीतलं एक टेबल तेवढं तयार ठेवा.

आपली,
सिंधुदुर्गातली एक केमिस्ट्रीची शिक्षिका